वाचकांचे प्रश्न : चीज पफचे सारण, पदर आणि ओव्हन

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच पदार्थाविषयी आहेत : पफ पेस्ट्रीच्या पारीत चीजचे सारण भरून भाजलेले, दोन घासांत संपणारे छोटे पफ. वाढदिवस, भिशी किंवा घरगुती मेजवानी असली की जेवणाआधीच्या खाण्यात आता यांचा नंबर वरचा असतो. त्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न (पुणे) : ताई, मी बाजारातील तयार पफ शीट आणून तिचे चौकोन कापते आणि त्यांत किसलेले मोझरेला व उकडलेले मक्याचे दाणे भरते. ओव्हनमध्ये ठेवल्यावर दहा मिनिटांतच चीज कडांमधून ओघळते, ट्रेवर करपते आणि पफ आतून पोकळ राहतो. कडा दुधाने चिकटवून पाहिल्या, काट्याने दाबून पाहिल्या, तरी फरक पडला नाही.

उत्तर : कडांकडे आपण नंतर येऊ, कारण तुमची अडचण सारणातून सुरू होते. पफ फुलतो तो वाफेच्या जोरावर. पारीतील लोण्यात आणि पिठात जे पाणी असते, त्याची वाफ झाली की तिचे आकारमान मूळ पाण्याच्या सुमारे १,६०० पट होते आणि ती पिठाचे पातळ पदर एकमेकांपासून उचलते. सारणातल्या पाण्याचीही अशीच वाफ होते; फक्त ती बंद कप्प्यात कोंडली जाते, सर्वांत कच्ची जागा म्हणजे चिकटवलेली कड शोधून बाहेर पडते आणि जाताना वितळलेले चीज बरोबर घेऊन जाते. उकडलेले मक्याचे दाणे वरून कोरडे दिसले तरी आत पाणी धरून असतात. पाण्यात ठेवून विकल्या जाणाऱ्या ताज्या मोझरेलात निम्म्याहून अधिक पाणीच असते. पिझ्झासाठी मिळणारे मोझरेला त्यामानाने कोरडे असते, परंतु तेही एकदा वितळले की पसरते, आणि पिझ्झ्यावर आपल्याला तेच हवे असते. बंद पफमध्ये मात्र हा गुण अंगाशी येतो.

म्हणून चीज निवडताना ते उष्णतेत कसे वागते, हे आधी पाहावे. आपल्याकडे घरोघरी असणारे प्रोसेस्ड चीज, म्हणजे डब्यातील, विटेच्या किंवा क्यूबच्या आकारातील चीज, या कामासाठी फारच सोयीचे आहे. ते तयार करताना त्यात सोडियम सायट्रेट किंवा फॉस्फेटसारखे क्षार घालतात. त्यांच्यामुळे चीजमधील प्रथिने, स्निग्धांश आणि पाणी एकत्र बांधलेले राहतात आणि तापल्यावर त्याला तेल सुटत नाही. खाद्यरसिक मंडळी या चीजकडे पाहून नाक मुरडतात, पण पफच्या बाबतीत मी निःसंकोचपणे त्याच्या बाजूने आहे. चवीला धार हवी असेल, तर त्यातील एक तृतीयांश भाग चेडारचा घ्यावा. नुसते जुने चेडार भरले तर अधिक तापमानाला त्यातील प्रथिने आक्रसतात, स्निग्धांश वेगळा होतो आणि पफच्या तळाशी पिवळे तेल साचते. पनीर याच्या अगदी उलट वागते. दूध आंबट घालून फाडल्यामुळे पनीर कितीही तापवले तरी वितळत नाही. त्यामुळे ते सारणाला अंग देते, पण एकटे भरले तर सारण कोरडे आणि भुरभुरीत लागते. चीज आणि पनीर निम्मे निम्मे घेतले, तर सारण मऊही राहते आणि जागाही सोडत नाही. पनीर मात्र आधी कापडात गुंडाळून वजनाखाली दाबून ठेवावे.

याहून खात्रीचा उपाय म्हणजे सारणाला घट्ट व्हाइट सॉसचा आधार देणे. २५ ग्रॅम लोण्यावर २५ ग्रॅम मैदा मंद आचेवर परतावा, त्याचा कच्चा वास गेला की १५० मिलिलिटर दूध थोडे थोडे घालून ढवळत राहावे. सॉस पळीवरून ओघळत असेल तर तो अजून पातळ आहे. कढईच्या मधोमध उलथने ओढल्यावर जी वाट पडते, ती काही क्षण तशीच उघडी राहायला हवी. मग आच बंद करून त्यात १५० ग्रॅम किसलेले चीज, बारीक चिरलेली हिरवी मिरची, मिरपूड आणि चिमूटभर जायफळ घालावे. जायफळ आपल्याकडे बासुंदी-श्रीखंडापुरते ठेवले जाते. युरोपात मात्र पांढरा सॉस आणि चीज यांच्या जोडीला ते हमखास असते, आणि एकदा घालून पाहिले की त्याशिवायचे सारण अळणी वाटू लागते. मीठ अजिबात घालू नये, कारण चीज आणि टेबल बटर दोन्ही खारट असतात. मक्याचे दाणे घालायचेच असतील तर ते आधी तव्यावर परतून कोरडे करावेत आणि ओबडधोबड वाटावेत. पालक असेल तर तो वाफवून, मुठीत घट्ट पिळून, मग चिरावा.

हे सारण फ्रिजमध्ये पूर्ण गार करावे. कोमट सारण पारीवर ठेवले तर त्याखालचे लोणी तेथेच वितळते आणि त्या जागी पदर सुटत नाहीत. ८ सेंटिमीटरच्या चौकोनात एक भरगच्च चहाचा चमचा सारण पुरे होते. करंजी भरताना हात जसा सैल सुटतो, तसा येथे सुटू देऊ नये. सारणाभोवती बोटाच्या रुंदीएवढी जागा कोरडी ठेवावी, दोन कडांवर पाण्याचे बोट हलकेच फिरवावे, त्रिकोणी घडी घालून आधी बोटांनी आतील हवा बाहेर काढावी आणि मग काट्याने दाबावे. वरच्या बाजूला सुरीच्या टोकाने एक लहान चीर द्यावी. वाफेला हा रस्ता मिळाला की ती कडा उसवत नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : तयार शीट आमच्याकडे सहज मिळत नाही. घरी पफचे पीठ करणे जमण्यासारखे आहे का? बेकरीवाले मार्जरीन वापरतात असे ऐकते. घरी काय वापरावे?

उत्तर : जमण्यासारखे नक्कीच आहे, फक्त सरळ शास्त्रोक्त फ्रेंच पद्धतीच्या मागे लागू नका. त्या पद्धतीत लोण्याची सपाट वडी पिठात गुंडाळून, लाटून, तीन पदरी घडी घालतात आणि हे सहा वेळा करतात; प्रत्येक घडीला लोण्याचे थर तिप्पट होत गेल्याने शेवटी ते ७२९ होतात. घरच्या स्वयंपाकघरात, विशेषतः आपल्या हवेत, इतक्या घड्यांपर्यंत लोणी शाबूत राहणे अवघड असते. चीज पफसाठी सोपी, लोण्याचे तुकडे पिठात तसेच ठेवण्याची पद्धत पुरेशी आहे.

२५० ग्रॅम मैद्यात फ्रिजमधून काढलेल्या २०० ग्रॅम टेबल बटरचे दीड सेंटिमीटरचे तुकडे घालून ते केवळ पिठात घोळवावेत. शंकरपाळ्यांच्या पिठाला मोहन चोळण्याची आपल्या हाताला सवय असते. ती येथे बाजूला ठेवावी, कारण लोणी पिठात जिरले तर खुसखुशीत बिस्कीट होते, पदर मात्र होत नाहीत. एक चमचा लिंबाचा रस आणि सुमारे १२० मिलिलिटर बर्फाचे पाणी घालून पीठ गोळा करावे, मळू नये. या टप्प्यावर गोळा भेगाळलेला आणि अगदी नीटनेटकेपणा नसलेला दिसतो; तो तसाच कागदात गुंडाळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा. लिंबाच्या आम्लाने पीठ थोडे सैलावते आणि लाटलेली पारी आक्रसून मागे येत नाही.

नंतर साधारण ४५ बाय १५ सेंटिमीटरची लांबट पोळी लाटून पत्राप्रमाणे तीन पदरी घडी घालावी, गोळा एक चतुर्थांश फिरवून पुन्हा लाटावे आणि पुन्हा घडी घालावी. अर्धा तास फ्रिजमध्ये विश्रांती देऊन याच दोन घड्या आणखी एकदा कराव्यात. चार घड्यांत ८१ थरांचा हिशेब होतो आणि तेवढे पुष्कळ झाले. पहिल्या लाटणीत पारीवर लोण्याचे पिवळे ठिपके दिसतील. चौथ्या घडीपर्यंत त्यांचे लांबट पट्टे होतील. पट्टे दिसणे हे चांगले लक्षण आहे. सगळी पारी एकसारखी पिवळसर आणि तुकतुकीत झाली, तर लोणी पिठात मिसळले असे समजावे. या प्रमाणात ३ मिलिमीटर जाडीची पारी लाटली की ८ सेंटिमीटरचे सुमारे २४ चौकोन निघतात आणि वर दिलेले सारण त्यांना बरोबर पुरते.

टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश आणि जास्तीत जास्त १६ टक्के पाणी असते. हे पाणीच पुढे वाफ होऊन पदर उचलते, म्हणून ते उपयोगी आहे. त्यातील मीठही पिठाला पुरते. घरचे लोणी वापरायचे असेल तर ते गार पाण्यात अनेकदा धुऊन, ताकाचा अंश काढून, दाबून पाणी निथळून घ्यावे आणि वडी थापून घट्ट गार करावी. तरीही त्यात पाण्याचे थेंब असमान राहतात आणि पारी मध्येच ओली पडते, असा माझा अनुभव आहे. ते लोणी भाकरीवरच शोभते.

बेकरीतील पॅटिस आणि खारीसाठी बहुतेक ठिकाणी पफसाठीचे खास मार्जरीन वापरतात, हे तुम्ही ऐकले ते बरोबर आहे. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळते, तर हे मार्जरीन त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला वितळते. त्यामुळे कारागिराला गरम बेकरीतही भराभर घड्या घालता येतात आणि पफ उंच फुलतो. मात्र शरीराचे तापमान ३७ अंश असल्याने जे लोणी जिभेवर विरघळते, त्या ठिकाणी मार्जरीन टाळूला मेणचट थर देऊन राहते. काहींना वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटची काळजी वाटते. भारतात २०२२ पासून खाद्यतेले आणि स्निग्धांशांतील कारखानी ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे वेष्टन असलेल्या नामांकित मालाबाबत परिस्थिती पूर्वीपेक्षा बरीच बरी आहे. तरीही इतका खटाटोप घरी करायचा, तर तो लोण्यासाठीच करावा असे मला वाटते.

प्रश्न (नागपूर) : उन्हाळ्यात लाटतानाच लोणी पाघळते आणि पारी पोळपाटाला चिकटते. मैदा लावत गेले की पफ कडक होतात.

उत्तर : मे महिन्यात ४२-४३ अंशांचा पारा सोसणाऱ्या गावात लोण्याला दोष देता येणार नाही. पहाटे, ओटा रात्रभर निवलेला असताना, लाटण्याचे काम उरकावे. लाटण्याआधी ओट्यावर बर्फ भरलेले स्टीलचे ताट फिरवून ठेवावे, मग ती जागा कोरडी पुसावी. गोळ्याचे दोन भाग करावेत आणि एक लाटताना दुसरा फ्रिजमध्ये ठेवावा. एका भागावर सलग पाच मिनिटांहून अधिक काम करू नये. लोणी योग्य स्थितीत आहे की नाही, हे वेष्टनातील वडी वाकवून पाहिल्यावर कळते : ती न मोडता वाकली पाहिजे. तडकन मोडली तर अति गार आहे, लाटताना तिचे तुकडे पारी फाडतील; बोट आत रुतले तर उशीर झाला आहे.

पारी चिकटू लागली की मैद्याच्या डब्याकडे जाणारा हात फ्रिजकडे वळवावा. चिकटणे हे पीठ ओले असल्याचे नव्हे, तापल्याचे लक्षण असते, आणि वीस मिनिटांच्या गारव्याने ते निघून जाते. भुरभुरलेला कोरडा मैदा घड्यांमध्ये अडकून राहतो, पदर एकमेकांना धरत नाहीत आणि तुम्ही म्हणता तसा कडकपणा येतो. भरून तयार झालेले पफही ओव्हनमध्ये जाण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवावेत. मऊ पडलेला पफ तापलेल्या ओव्हनमध्ये गेला की पीठ घट्ट होण्याआधीच लोणी बाहेर वाहते आणि पफ स्वतःच्याच लोण्यात तळला जातो.

प्रश्न (सांगली) : आम्ही दिवाळीत चिरोट्यांना तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावतो, त्याला उत्तम पदर सुटतात. तोच साटा लावून चीज पफ ओव्हनमध्ये भाजता येतील का?

उत्तर : प्रश्न विचार करण्यासारखा आहे, कारण दोन्ही पदार्थांचे तत्त्व एकच आहे : पिठाच्या दोन थरांत स्निग्ध पदार्थ ठेवायचा, म्हणजे ते थर एकमेकांना चिकटत नाहीत. फरक उष्णतेच्या वाटेत आहे. चिरोटा तेला-तुपात पडतो, गरम तूप कापलेल्या बाजूने पदरांत शिरते आणि पारीतील पाणी झटक्यात वाफ होऊन ते पदर मोकळे करते. ओव्हनमधील गरम हवा ते काम इतक्या वेगाने करू शकत नाही. शिवाय साजूक तुपात पाणी जवळजवळ नसते, त्यामुळे लोण्याकडून मिळणारी जास्तीची वाफ येथे मिळत नाही. आणि तूप लवकर पातळ होऊन पिठात मुरते. साटा लावून भाजलेले पफ खुसखुशीत होतात, पदरही दिसतात, पण ते फारसे फुलत नाहीत.

तरीही हा प्रयोग मी टाकाऊ म्हणणार नाही. सारण भरण्याऐवजी साट्यातच बारीक किसलेले, कोरडे चीज आणि भरडलेला ओवा मिसळावा, पारी गुंडाळून चिरोट्याप्रमाणे तुकडे कापावेत, हलके लाटावेत आणि १८० अंशांवर बदामी होईपर्यंत भाजावेत. चहाबरोबर हे चीज चिरोटे उत्तम लागतात. तळायचे असतील तर मात्र चीज घालू नये; ते तुपात सुटून करपते आणि सगळा घाणा काळा पडतो.

प्रश्न (ठाणे) : माझ्याकडे कन्व्हेक्शनची सोय असलेला मायक्रोवेव्ह आहे. पफ वरून छान तांबूस होतात, पण तळ ओला आणि चिवट राहतो. एअर फ्रायरमध्ये बरे होतील का?

उत्तर : बहुतेक कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये खालून उष्णता देणारी कॉइल नसते; पंखा मागून किंवा वरून गरम हवा फिरवतो. त्यामुळे तळाला उष्णता ट्रेमार्फतच पोहोचते. ओव्हन २०० अंशांवर, आणि यंत्रात सोय असेल तर २२० वर, तापत ठेवताना धातूचा रिकामा ट्रेसुद्धा आतच ठेवावा आणि उंच जाळीऐवजी बुटकी जाळी वापरावी. कन्व्हेक्शनमध्ये धातूची भांडी चालतात. मायक्रोवेव्ह किंवा मिश्र पद्धत मात्र चालू करू नये. पफ बेकिंग पेपरवर मांडून, फ्रीजरमध्ये गार करून, कागदासकट त्या तापलेल्या ट्रेवर सरकवावेत. तळ लगेच चटका खाऊन घट्ट होतो आणि सारणाचा ओलावा त्याला मऊ करू शकत नाही. पहिली बारा मिनिटे दार उघडू नये. त्यानंतर तापमान १८० वर आणून आणखी दहा-बारा मिनिटे भाजावे. वरचा रंग पाहून पफ झाले असे ठरवू नये. एक उचलून उलटा करून पाहावा, तळही बदामी हवा.

ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) असेल तर खालची आणि वरची अशा दोन्ही कॉइल चालू ठेवून ट्रे मधल्या फळीवर ठेवला की हा प्रश्नच येत नाही. एअर फ्रायरमध्ये चार-सहा पफ चांगले होतात. तापमान १८० ठेवावे, पफ दाटीवाटीने लावू नयेत आणि वरचे हलके पदर पंख्याच्या झोताने उडू नयेत म्हणून घडीच्या कडा नीट दाबाव्यात. कढईत मीठ तापवून केक आणि नानकटाई करणाऱ्यांनी पफसाठी ती वाट धरू नये. तेथे वरून पुरेशी कोरडी उष्णता मिळत नाही आणि पफ पांढरट, ओलसर राहतो.

प्रश्न (सोलापूर) : आम्ही अंडे खात नाही. पफला बेकरीसारखी चकाकी कशी आणावी?

उत्तर : दोन चमचे घट्ट क्रीममध्ये एक चमचा दूध मिसळून ते मऊ कुंचल्याने फक्त वरच्या पृष्ठभागावर लावावे. नुसते दूध रंग देते, चकाकी कमी देते. कापलेल्या कडांवर यातील थेंबही ओघळू देऊ नये, कारण तो तेथे सुकला की पदर एकमेकांना चिकटून त्या बाजूने पफ उठत नाही आणि तिरका होतो. याच कारणासाठी चौकोन कापताना करंजीचे कातणे वापरू नये. ते कड दाबत जाते. धारदार सुरी सरळ खाली दाबून, न ओढता कापावे. वरून तीळ किंवा कलौंजी घालायची असल्यास क्रीम ओले असतानाच घालावी. किसलेले चीज वरून हवे असेल तर ते शेवटच्या पाच मिनिटांत घालावे, आधी घातलेले कडवट होते.

प्रश्न (नाशिक) : मैद्याऐवजी कणीक वापरता येईल का?

उत्तर : एक तृतीयांशापर्यंत वापरता येईल, आणि तीही चाळून कोंडा काढलेली. कोंड्याचे कण पातळ पदरांना छेद देतात. पूर्ण कणकेचे पफ हवे असतील तर तो हट्ट सोडून चीजच्या पुऱ्या कराव्यात.

प्रश्न (लंडन) : येथे तयार पफ शीट आणि नाना तऱ्हेची चीज मिळतात. आम्ही शाकाहारी आहोत. ग्रुयेर किंवा पार्मेझान घालावे असे पाककृतींत असते, ते चालेल का? शीट कोणती घ्यावी?

उत्तर : इटलीतील पार्मिजानो रेजानो, म्हणजे अस्सल पार्मेझान, आणि स्वित्झर्लंडचे ग्रुयेर ही नावे कायद्याने संरक्षित आहेत आणि त्यांच्या ठरलेल्या कृतीत वासराच्या जठरातून मिळणारे रेनेट (चीजसाठी दूध घट्ट करणारा घटक) वापरतात, म्हणून ती शाकाहारी नाहीत. ब्रिटनमधील पुष्कळ चेडार मात्र वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटने केलेले असते आणि तसे वेष्टनावर लिहिलेले असते. पार्मेझानसारखे कठीण शाकाहारी चीजही तेथील दुकानांत मिळते. भारतात वेष्टनावरील हिरवा ठिपका पाहिला की काम भागते, तेथे घटकांची यादी वाचण्याची सवय लावून घ्यावी.

शीट घेताना त्यावर ती केवळ लोण्याची आहे असे स्पष्ट लिहिलेले पाहावे. तसे नसल्यास ती वनस्पती तेलाची असते. तीही फुलते, चवीत फरक पडतो. गोठवलेली शीट असेल तर ती रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सैल होऊ द्यावी, ओट्यावर घाईने वितळवू नये, नाहीतर बाहेरचा भाग पाघळतो आणि मधला मोडतो.

तुमच्याकडे चांगले चेडार सहज मिळत असल्याने भरलेल्या पफऐवजी इंग्रजी पद्धतीचे चीज स्ट्रॉ करून पाहावेत, असे मी सुचवेन. शीटवर मोहरीचा सॉस अगदी पातळ पसरावा, अर्ध्या भागावर बारीक किसलेले चेडार आणि लाल तिखट भुरभुरावे, घडी घालून लाटणे हलकेच फिरवावे, बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून त्यांना पीळ द्यावा आणि २०० अंशांवर पंधरा मिनिटे भाजावे. यात सारण कोंडलेले नसते, त्यामुळे ओघळण्याचा प्रश्न उद्भवत नाही. खारट चव आवडत असेल तर ग्रीक पद्धतीचे फेटा चीज पुदिन्याबरोबर भरावे. ग्रीसमध्ये तिरोपिटा नावाने असे चीजचे पफ घरोघरी आणि बेकरीत केले जातात. बहुधा पातळ फिलो पारीत, पण पफ पारीतही.

प्रश्न (रत्नागिरी) : मुलाच्या मुंजीनंतरच्या छोट्या मेजवानीसाठी साठ-सत्तर पफ करायचे आहेत. आदल्या दिवशी भाजून ठेवले तर आमच्या दमट हवेत ते मऊ पडतात.

उत्तर : भाजून ठेवूच नका, भरून ठेवा. कच्चे पफ ट्रेवर एकमेकांना न चिकटता मांडून फ्रीजरमध्ये कडक होऊ द्यावेत, मग हवाबंद डब्यात थरांमध्ये कागद घालून रचावेत. घट्ट सारणाचे असे पफ महिनाभर चांगले राहतात, त्यामुळे एका दिवशी सगळा पसारा मांडण्याची गरज नाही. भाजण्याच्या दिवशी ते वितळू न देता थेट फ्रीजरमधून तापलेल्या ओव्हनमध्ये घालावेत. क्रीम आधी लावावे आणि नेहमीपेक्षा चार-पाच मिनिटे अधिक भाजावे. घरगुती ओव्हनमध्ये एका वेळी बारा ते पंधरा पफ बसतात हे गृहीत धरून, पाहुणे येण्याच्या दीड-दोन तास आधी पहिला घाणा लावावा. मध्ये ओव्हन पुन्हा तापायला वेळ लागतो, तोही धरावा.

भाजलेले पफ जाळीवर काढावेत. ताटात एकावर एक रचून वर झाकण ठेवले की त्यांची त्यांनाच वाफ धरते आणि दमट हवेला दोष द्यावा लागत नाही, इतके ते लवकर मऊ पडतात. कॅसेरोल तर मुळीच वापरू नये. आधीचे घाणे वाढण्यापूर्वी १६० अंशांवर सहा-सात मिनिटे पुन्हा गरम केले की पदर परत कुरकुरीत होतात. मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्यास ते वातड होतात. दुधाचे सारण असल्याने उकाड्यात पफ दोन तासांहून अधिक वेळ बाहेर ठेवू नयेत, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच संपवावेत. उरलेले गार झाल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्येच गरम करावेत. लहान मुले येणार असतील तर वाढण्याआधी सारण थोडे निवू द्यावे. वरची पारी कोमट लागते तेव्हाही आतील चीज जीभ भाजण्याइतके गरम असते.